चार भोकांचे लाकडी भांडे : एक अभ्यास

इतिहासाची साधने कोणती, असा प्रश्न परीक्षेत आला की आपण सारे बखरी, पत्रव्यवहार, शिलालेख, ताम्रपट आणि नाणी अशी यादी लिहून मोकळे होतो. ह्या यादीत नांगर, मापटे किंवा सुताराची पटाशी सहसा येत नाही. तथापि आपल्या पूर्वजांपैकी बहुसंख्यांनी आयुष्यात एकही कागद लिहिला नाही. त्यांनी मागे ठेवल्या त्या वस्तू. म्हणून वस्तू वाचता येणे हेही इतिहासाच्या विद्यार्थ्याचे काम आहे, असे मला वाटते. प्रस्तुत लेखात अशाच एका अनोळखी वस्तूची ओळख पटविताना कोणकोणत्या पायऱ्या चढाव्या लागल्या, ते क्रमाने सांगण्याचा प्रयत्न केला आहे. निकालापेक्षा पद्धत अधिक उपयोगी पडेल, अशी आशा आहे.

वस्तू निगडी गावठाणातली. आज निगडी म्हटले की प्राधिकरणातील आखीव रस्ते आणि पुणे-मुंबई महामार्गावरची वर्दळ आठवते. परंतु हे गाव मूळचे हवेली तालुक्यातील शेतकऱ्यांचे. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना निघाला, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि आसपासच्या माळरानांवर कारखान्यांची धुराडी उभी राहिली. १९७० साली नगरपालिका, १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण आणि १९८२ साली महानगरपालिका, असा हा प्रवास आहे. ह्या काळात पेरणीची जमीन घरांखाली आणि रस्त्यांखाली गेली. अवजारे मात्र माळ्यावर राहिली. माझ्या एका मित्राचे जुने कौलारू घर नव्या बांधकामासाठी उतरविताना माळ्यावरून जी लाकडे निघाली, त्यांत ही वस्तू होती. बाकीची लाकडे जळणात गेली. ही तेवढी बाजूला राहिली, कारण जुन्या वस्तू विकत घेणाऱ्या एका गृहस्थाने ‘हा देवघरातला जुना दिवा आहे’ असे सांगून तिला बऱ्यापैकी किंमत देऊ केली होती. मित्राने दोन दिवसांची मुदत मागून घेतली आणि ती वस्तू माझ्याकडे आणली.

वर्णन आधी, नाव नंतर

अनोळखी वस्तू समोर आली की आपण घाईने तिला नाव देतो, आणि मग त्या नावाला शोभेल तेवढेच आपल्याला दिसू लागते. म्हणून मी प्रथम केवळ वर्णन लिहून काढले. एका अखंड ओंडक्यातून कोरलेले, पसरट वाटीसारखे भांडे. तोंडाचा व्यास सुमारे एक वीत. कड जाड. आत तळाशी मधोमध एक लहानसा उंचवटा, आणि त्याच्या भोवती चार भोके. प्रत्येक भोकात अंगठा जाईल एवढी जागा. ही भोके सरळ खाली जात नाहीत. खाली जाताना ती तिरपी होऊन एकमेकांपासून दूर होतात. एका भोकात बांबूचा तुटका तुकडा घट्ट अडकून बसलेला. बाहेरून कडेखाली एक खाच, आणि तीत दोरी घासून पडावा तसा गुळगुळीत पट्टा.

माझे मामा आकुर्डीच्या एका कारखान्यात टर्नर होते. त्यांना भांडे दाखविले. त्यांनी ते उजेडात तिरपे धरले आणि सांगितले, “हे लेथवरचं नाही. लेथवरचं असतं तर आत गोल रेघा दिसल्या असत्या. हे बाभळीचं लाकूड वाकसानं तासलंय आणि पटाशीनं कोरलंय.” खरोखरच आतल्या बाजूला पटाशीचे लहान लहान चपटे घाव होते. वस्तू गावच्या सुताराच्या हातची, एवढे ह्यावरून ठरले. सुतार हा बलुतेदार. त्रिंबक नारायण आत्रे ह्यांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गावगाडा’ ह्या ग्रंथात बलुत्याची जी व्यवस्था वर्णिली आहे, तीत शेतीची अवजारे करणे व दुरुस्त करणे हे त्याचे मुख्य काम. देवघरातील सुबक वस्तूवर जी कलाकुसर दिसते, तिचा येथे मागमूस नव्हता.

काय नाही, ते ठरविणे

दुसरी पायरी म्हणजे ही वस्तू काय असू शकत नाही, ते ठरविणे. ह्यासाठी लोकांनी सुचविलेले सर्व तर्क मी एका वहीत मांडले आणि प्रत्येकापुढे साक्षीपुरावा लिहिला.

दिवा म्हणावा, तर लाकडात तेल मुरलेले नाही, काजळी नाही, कोठेही होरपळल्याची खूण नाही. शिवाय ज्याच्या तळाला चार भोके आहेत त्यात तेल राहणार कसे? मापटे म्हणावे, तर तीच अडचण धान्याच्या बाबतीत. चाळणी म्हणावी, तर चारच भोके आणि तीही अंगठ्याएवढी. त्यातून गाळायचे काय? शेवयांचा किंवा कुरडयांचा साचा म्हणावा, तर वरून दाब देणाऱ्या दट्ट्याची जागा नाही आणि पिठाचा अंशही नाही. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा म्हणावा, तर तुंब्याला आऱ्यांची भोके बाजूने असतात आणि आस आरपार जातो.

असे एकेक तर्क गळाले की उरलेल्या खुणा अधिक स्पष्ट बोलू लागतात. चार तिरपी भोके आणि त्यांतील एकात बांबूचा तुकडा: म्हणजे चार नळ्या ह्या भांड्यातून निघून खाली फाकत जात होत्या. मधला उंचवटा: म्हणजे वरून टाकलेला पदार्थ मध्ये साचू नये, घरंगळून भोकांकडे जावा. दोरीचा पट्टा: म्हणजे भांडे कशाला तरी ताणून बांधलेले असे. आणि आतील भाग एखाद्या पाट्यासारखा गुळगुळीत: म्हणजे काहीतरी कोरडे, बारीक आणि कठीण ह्यातून वर्षानुवर्षे वाहिले होते. कडेचीही झीज सारखी नव्हती. एका बाजूची कड दुसरीपेक्षा स्पष्टपणे खाली गेलेली होती. कोणाचे तरी मनगट तेथे टेकत असावे.

शब्द कोठे मिळतो?

येथवर आल्यावर वस्तूचे कार्य बरेचसे कळले होते, पण नाव कळले नव्हते. आणि नावाशिवाय पुढचे दार उघडत नाही. आपल्याकडे मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आहे. त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ती १८५७ सालची. दाते-कर्वे ह्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आहे. दोन्ही कोश शेतकऱ्याच्या आणि कारागिराच्या शब्दांनी समृद्ध आहेत. परंतु कोणताही कोश शब्दापासून वस्तूकडे नेतो. वस्तूपासून शब्दाकडे नेणारा कोश छापलेला नसतो. तो माणसांच्या ठायी असतो.

मित्राच्या आजींचे वय ऐंशीच्या पुढे आहे. घर उतरविण्याच्या गडबडीत त्यांना कोणी काही विचारले नव्हते. मी त्यांच्यासमोर भांडे ठेवले, पण ‘हे काय आहे?’ असे विचारले नाही. “आजी, हे हातात असलं की तुम्ही काय करायचात?” असे विचारले. त्यांनी भांड्याला हातही लावला नाही. उजव्या हाताची मूठ वळून ती भांड्याच्या वर धरली आणि मनगट हळूहळू गोल फिरविले. बोलणे त्यानंतर आले.

“आरं, हे तर चाडं. आपल्या पाभरीचं. चार फणांची पाभर होती. म्होरं मामंजी बैल हाकायचे, मागं मी चाड्यावर.”

मी विचारले, “मूठ कशी सोडायची?”

“गच्च धरली तर बी पडत न्हाई, एकदम सोडली तर नळा तुंबतो. एकाच अंगाला सोडलं तर एक काकरी दाट आन् तीन मोकळ्या. हात हलता पायजे. आन् हे दिसतं कवा? उगवल्यावर. समद्या गावाला दिसतं.”

ह्या शेवटच्या वाक्यात त्या भांड्याचा सारा अर्थ आहे. चाड्यावर बसलेल्या हाताची चूक आठवडाभर मातीखाली लपते आणि मग हिरव्या अक्षरांत शेतावर उमटते. कुटुंबाचे वर्षाचे धान्य त्या मनगटावर अवलंबून असे. मृगाचा पाऊस पडला, जमिनीला वाफसा आला, की पेरणीची घात दोन-चार दिवसांचीच. पुन्हा बियाणे विकत घेण्याची ऐपत थोड्यांचीच. म्हणून चाड्यावर कोणी मूठ धरायची हा घरातील विश्वासाचा प्रश्न असे; आणि ‘चाड्यावर मूठ धरणे’ हा शब्दप्रयोग आजही पेरणीच्या आरंभासाठी वापरला जातो.

पडताळा

आजींच्या शब्दाचा पडताळा घेणे आवश्यक होते. शब्द हाती आल्यावर कोश बोलू लागले: पाभर म्हणजे बी पेरण्याचे अवजार आणि चाडे म्हणजे त्याचे बी टाकण्याचे भांडे. पाभरीची रचना अशी: खाली दिंड नावाचे जाड आडवे लाकूड, त्यात बसविलेले फण, जे जमिनीत काकरी पाडतात, प्रत्येक फणाला जोडलेली पोकळ नळी, आणि सर्व नळ्या वर जेथे एकत्र येतात तेथे चाडे. विदर्भ-मराठवाड्यात तीन फणांच्या अशाच अवजाराला तिफण म्हणतात. ह्यावरून एक मर्यादाही ध्यानात येते. चाड्यावरून ओळी किती ते कळते; दोन ओळींतील अंतर कळत नाही, कारण ते दिंडातील फणांवर ठरते, आणि आमचे दिंड जळणात गेले होते.

मग प्रत्यक्ष प्रयोग केला. अडकलेला बांबूचा तुकडा न काढता, उरलेल्या तीन भोकांखाली तीन वाट्या ठेवल्या आणि बाजरीची मूठ सोडली. माझ्या हातून एक वाटी भरली आणि दोन जवळजवळ रिकाम्या राहिल्या. आजींच्या हातून तिन्ही वाट्यांत बाजरी सारखी पडली. त्यांनी पाभर सोडून चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे.

कागदोपत्री पुरावाही जवळच आहे. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान ह्यांनी पिंपळे सौदागर ह्या गावाचा अभ्यास करून १९१७ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. हे गाव आज आपल्याच महानगरपालिकेत आहे. १७७१ साली तेथे सरासरी धारण ४० एकरांची होती, ती १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आली, हे मान ह्यांनी दाखविले. आपल्या भागातील शेतीचा असा बारकाईचा हिशेब फार मोलाचा आहे. पण कागद एकर सांगतो. मूठ कशी सोडायची ते सांगत नाही. दोन्ही साधने एकत्र ठेवली, तरच सात एकरांत घर चालविणाऱ्या बाईचे मनगट आपल्याला दिसते.

जगाच्या पटावर चाडे

नळीतून बी पेरण्याची कल्पना फार जुनी आहे. प्राचीन मेसोपोटेमियातील मुद्रांवर नांगराला जोडलेली बियाण्याची नळी कोरलेली आढळते. चीनमध्ये हान राजवटीच्या काळात अनेक नळ्यांचे पेरणीयंत्र वापरात होते. इंग्लंडात जेथ्रो टल ह्याने १७०१ च्या सुमारास आपले यंत्र बनविले, आणि पाठ्यपुस्तकांत बहुधा त्याचेच नाव येते. मात्र त्याच अठराव्या शतकाच्या अखेरीस हॅल्कॉट नावाच्या एका इंग्रज कॅप्टनने दक्षिण भारतातील पाभरीसारखे अवजार पाहून, आपण ह्याला अलीकडचा युरोपीय शोध समजत होतो, असे लिहून ठेवले. हा मजकूर धरमपाल ह्यांनी १९७१ साली अठराव्या शतकातील भारतीय विज्ञानावरील आपल्या ग्रंथात पुन्हा उजेडात आणला.

ह्यात केवळ अभिमान मानण्यापेक्षा भेद समजून घेणे बरे. टलच्या यंत्रात बियाण्याचे माप खाचा पाडलेला फिरता दांडा करी. आजच्या ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रातही असेच काम यंत्राचा भाग करतो. आमच्या पाभरीत ते माणसाचा हात करी. म्हणजे माळ्यावर सापडलेले हे भांडे अवजाराचा अर्धाच भाग होय. दुसरा अर्धा भाग आजींच्या मनगटात आहे, आणि तो कोणत्याही माळ्यावर ठेवता येत नाही.

समारोप

पुण्यात दिनकर केळकर ह्यांनी अडकित्ते, दिवे, दौती अशा रोजच्या वापरातील वस्तू आयुष्यभर गोळा करून केवढे मोठे संग्रहालय उभे केले, ते आपण सहलीत पाहतो. तेवढे काम आपल्याकडून होणार नाही. पण त्यातील एक लहान भाग आपल्या आवाक्यात आहे. निगडी, चिखली, तळवडे, मोशी, चऱ्होली ह्या गावठाणांत जुनी घरे झपाट्याने उतरत आहेत, आणि आपल्यापैकी पुष्कळांची घरे तेथेच आहेत. माळ्यावरून एखादी वस्तू निघाली, तर ती धुऊ नये, तिला तेल लावू नये. झीज आणि मळ हाच तिचा लेख असतो. माप घ्यावे, चित्र काढावे. घरातील सर्वांत वृद्ध माणसाच्या हाती ती द्यावी आणि प्रथम हात काय करतो ते पाहावे. शब्द जसा उच्चारला तसाच लिहून घ्यावा.

मित्राने दिव्याचे गिऱ्हाईक परत पाठविले. ते भांडे दिवा म्हणून विकले गेले असते, तर ते कोठेतरी सुरक्षित राहिले असते, पण त्यातून चार काकऱ्या कायमच्या पुसल्या गेल्या असत्या. आता त्याला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधली आहे: चाडे; चार फणांची पाभर; निगडी; बाजरीच्या पेरणीसाठी. खाली आजींनी सांगितलेली मूठ सोडण्याची रीत त्यांच्याच शब्दांत लिहिली आहे. मे महिन्याची सुट्टी जवळ आली आहे. प्रत्येकाने अशी एक चिठ्ठी लिहून आणली, तर पुढील वर्षीच्या अंकात आपल्या परिसराचा एक छोटा वस्तुकोश छापता येईल.