जुना निसणा घरी आणताना

पोरी,

परवा फोनवर तू म्हणालीस, "मामा, मलापण तुमच्या पेटीतल्यासारखा जुना धारेचा दगड हवा." बरं वाटलं ऐकून. तुझ्या आईला वाटेल, लेकीला हे काय नवीन. पण जिच्या सासरी निफाडकडे द्राक्षाची बाग आहे आणि जिच्या हातात आता पटाशीही आली, तिला निसणा लागणारच. सातपूरच्या टूलरूममध्ये माझं आयुष्य धारेपाशीच गेलं, आणि या दगडांच्या बाबतीत करता येतील तेवढ्या चुका करून झाल्यात. दोन दगड माझ्या हातानं तडकले, एक चांगला असून ओळखला नाही म्हणून सोडून आलो. त्याची हळहळ अजून आहे. तू त्याच वाटेनं जाऊ नयेस म्हणून लिहितोय. पहिले काही मुद्दे बाजारात जाण्याआधी वाच, बाकीचे दगड घरी आल्यावर.

१. बुधवारी गोदाघाटावरच्या बाजारात सकाळी लवकर जा, उशिरा उठायची तुझी सवय तेवढ्या दिवसापुरती बाजूला ठेव — बाजार भरात आला की जमिनीवर मांडलेल्या लोखंडाकडे वाकून बघायला जागाच उरत नाही.

२. पावसाळ्यात घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या पायाशी पाणी चढलं असेल तर त्या आठवड्यात घरीच थांब — पुरात माणसं आपला माल वाचवत असतात, त्यांच्यामागे दगड विचारत फिरू नये.

३. आपल्या भागातल्या भंगारवाल्याशी ओळख ठेव, येता-जाता चहा विचार — अंबड लिंक रोडचा मोठा भंगार बाजार जानेवारी २०१७ मध्ये महापालिकेनं हटवला, आता एका जागी सगळं सापडेल या भरवशावर राहता येत नाही. ओझर, सातपूर, अंबडच्या कारखान्यांतून निवृत्त झालेल्या माणसाच्या हत्यारांची पेटी निघाली की ती आधी अशाच एखाद्याच्या काट्यावर येते.

४. मुंबईला गेलीस तर चोरबाजारात शुक्रवारी पहाटे, पुण्यात जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी चक्कर मार — पण पहिला दगड नाशिकमध्येच घे, म्हणजे अडलं तर मला दाखवता येईल.

५. पिशवीत चार वस्तू ठेव: भिंग, पाण्याची लहान बाटली, जुना रुमाल आणि लोखंडी गुण्या — तेलकट काळ्या थराखाली काय आहे ते पुसल्याशिवाय कळत नाही. चकाकी बघून दगड आणि दागिने बघून सोयरीक, दोन्ही घरी आल्यावर बोलतात.

६. "निसणा आहे का?" असं विचारू नकोस, "सुताराची नाहीतर फिटरची जुनी पेटी आली का?" असं विचार — विकणाऱ्याला तो दगड वाटतच नाही, फरशीचा तुकडा वाटतो. माझा सगळ्यात लाडका दगड एका माणसानं ताडपत्री उडू नये म्हणून कोपऱ्यावर ठेवलेला होता.

७. रुमालानं पुसल्यावर दगड काळपट-करडा दिसला आणि भिंगाखाली बारीक चमचम दिसली, तर तो बहुतेक कार्बोरंडम. तपकिरी किंवा नारिंगीकडे झुकणारा दिसला तर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा, म्हणजे माणसानं भट्टीत केलेला कुरुंद — पहिला झपाट्यानं कापतो, दुसरा सावकाश आणि गुळगुळीत, म्हणून काय हवंय ते आधी मनाशी ठरव.

इथं जरा थांबतो, कारण हा भाग मला फार आवडतो. १८९१ साली अमेरिकेत ॲचेसन नावाचा माणूस माती आणि कोक विजेच्या झोतात तापवत होता. त्याला कृत्रिम हिरा हवा होता. भट्टीतून निघाले ते हिऱ्याच्या जवळपास कठीण असे चकचकीत खडे, आणि त्यानं कार्बन आणि कोरंडम हे दोन शब्द जोडून त्यांचं नाव ठेवलं कार्बोरंडम. आता कोरंडम हा शब्द कुठला? आपल्याकडचाच: तमिळमधला कुरुंदम, संस्कृतातला कुरुविंद. आपले शिकलगार हाच कुरुंद कुटून, लाखेत कालवून सराणीचं चाक करायचे आणि त्यावर तलवारीपासून अडकित्त्यापर्यंत सगळ्याला धार द्यायचे. पुढं १९४१ मध्ये आपल्याच उरणजवळ मोरा इथं ग्राइंडवेल कंपनीनं ग्राइंडिंगची चाकं बनवायला घेतली, १९५४ मध्ये मद्रासकडे कार्बोरंडम युनिव्हर्सल सुरू झाली. तेव्हा घाटावर एखादा करडा दगड हातात आलाच, तर परदेशी वस्तू मिळाली असं समजू नकोस. ते नाव फिरून घरी आलेलं आहे.

८. लहान, गुळगुळीत, हाताला थंड आणि वजनदार दगड दिसला तर तो नाभिकाच्या धोकटीतला असू शकतो, त्याला जपून हात लाव — असा नैसर्गिक दगड वस्तऱ्यासाठी जपलेला असतो. त्याचा गुळगुळीतपणा हाच त्याचा गुण असतो, तो खरवडून काढायचा नसतो. मी सोडून आलो तो हाच होता.

९. काळा पाषाण निसणा म्हणून कुणी देऊ लागला तर नमस्कार करून पुढं हो — आपला सह्याद्रीचा बसाल्ट पाट्या-वरवंट्याला उत्तम, विळ्याच्या मऊ लोखंडालाही चालतो, पण पाणी दिलेल्या पोलादापुढं त्याचे कण हरतात.

१०. दगड दोन बोटांत सैल धर आणि लाकडाच्या दांडीनं हलकेच टिचकी मार — अखंड दगड खणखणीत बोलतो, तडा गेलेला बद्द आवाज करतो. मात्र तेलानं गच्च भरलेला चांगला दगडही कधीकधी बद्द बोलतो, म्हणून भिंगानं कडा बघून मगच नाही म्हण.

११. गुण्याची कड दगडावर उभी धरून उजेडाकडे बघ — मधून उजेड दिसला की तेवढं पोट खपाटीला गेलंय. दोन मिलिमीटरपर्यंत मी घेतो, त्यापुढं नाही. खपाटीचा दगड पात्याला कुबड देतो, आणि ते पोट भरून काढता काढता तुझे रविवार संपतील.

१२. मोडलेला अर्धा दगड टाकून देऊ नकोस, स्वस्तात मागून घे — हातात धरून विळा, कोयता, कात्री निसायला पूर्ण दगडापेक्षा अर्धाच सोयीचा.

१३. जुनं ग्राइंडिंगचं चाक कितीही छान दिसलं तरी मोटरीवर कधीही चढवू नकोस, मामाची शपथ — त्यानं कुठं मार खाल्लाय, कधी भिजलंय ते आपल्याला माहीत नसतं, आणि फिरता फिरता फुटलं तर तुकडे गोळीसारखे येतात. हातानं घासायच्या दगडात हा धोका नाही.

१४. भाव शेवटी कर, पारख आधी — हातात घेऊन कौतुक केलंस की दगडाचा भाव तिथंच वाढतो. तुझा चेहरा लहानपणापासून काहीच लपवत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. पण गरिबाला फार घासाघीस करून रडवू नकोस.

आता दगड घरी आला असं समज. त्याच दिवशी धार लावायला बसू नकोस. मला माहितीय, बसशील, तरी सांगतो.

१५. आधी गच्चीवर किंवा अंगणात, शेगडी-उदबत्तीपासून लांब, थोड्या रॉकेलनं चिंधी भिजवून वरचा काळा थर पुसून काढ — जुनं तेल वाळून राळ झालेलं असतं, ते नुसत्या पाण्याला दाद देत नाही. रॉकेल नसेल तर भांड्याचा साबण आणि जास्त वेळ, दोन्ही लागतील.

१६. मग कोमट पाण्यात धुण्याचा सोडा आणि साबण घालून दगड रात्रभर बुडवून ठेव, सकाळी जुन्या ब्रशनं घास, पाणी बदल. असं तीन-चार दिवस कर — तेल आतून हळूहळू बाहेर येतं. हातमोजे घाल, सोडा कातडी खातो.

१७. थंड दगडावर उकळतं पाणी ओतू नकोस — डिसेंबरच्या पहाटे मी ओतलं आणि दगडाचे दोन तुकडे झाले. पाणी आणि दगड एकत्रच सावकाश तापू देत.

१८. तेल लवकर जाळावं म्हणून ओव्हनमध्ये किंवा गॅसवर दगड ठेवू नकोस — आतलं तेल धुरावतं आणि पेट घेऊ शकतं. संडास धुण्याचं ॲसिडही नको, त्यानं काही दगड पोखरले जातात.

१९. दगड डबीत चिकटून बसला असेल तर स्क्रू ड्रायव्हरनं उचकटू नकोस — सागाची जुनी डबी फुटते आणि दगडाचा कोपरा जातो. फटीत रॉकेल सोड, दोन दिवस विसर, मग उलटी धरून तळाला टिचक्या मार.

२०. सपाट करणं हे यातलं खरं काम. दहा मिलिमीटरची जाड काच ओट्यावर ओल्या फडक्यावर ठेव, तिच्यावर चमचाभर भरड कार्बोरंडम पावडर आणि पाणी घे. दगडाच्या तोंडावर पेन्सिलनं आडव्या-उभ्या रेघा मार आणि इंग्रजी आठ काढल्यासारखा फिरव — रेघा जिथं राहतात तिथं खड्डा आहे, आणि सगळ्या गेल्या म्हणजे दगड सपाट झाला. मध्येच थांबून पुन्हा रेघा मार; हाताला सपाट वाटणं आणि सपाट असणं यात मोठं अंतर आहे.

२१. नदीची वाळू वापरून पैसे वाचवायला जाऊ नकोस — वाळू म्हणजे क्वार्ट्झ, कठीणपणाच्या मोजपट्टीवर सात. कार्बोरंडम नवाच्याही वर. वाळूच दमते.

२२. मोटारीच्या दुकानात मिळणारी व्हॉल्व्ह घासायची पेस्टही नको — कापते चांगली, पण तिच्यातलं ग्रीस तू चार दिवस धुऊन काढलेल्या दगडात परत शिरतं.

२३. भरड पावडरीनंतर बारीक घ्यायची असेल तर दगड, काच, हात, नखं, सगळं धू — एक भरड कण राहिला तरी तो बारीक बाजूवर ओरखडा काढत बसतो.

२४. घासताना दगड कायम ओला ठेव, कोरडा घासूच नकोस — नैसर्गिक दगडाची कोरडी धूळ छातीत जाऊन बसते, आणि ती निघत नाही. दगडखाणीत काम केलेल्या माणसाचा खोकला मी जवळून ऐकलाय, पोरी. एवढं एक माझं ऐकच.

२५. उरलेला चिखल बेसिनमध्ये ओतू नकोस — खाली जाऊन तो पाइपात सिमेंटसारखा बसतो. वर्तमानपत्रात टिपून कचऱ्यात टाक.

२६. ज्या दगडानं जन्मभर तेल प्यायलं त्याला पुढंही तेलच दे, आणि पाण्याच्या दगडाला तेलाचा थेंबही लावू नकोस. दोघांच्या पंगती वेगळ्या — छिद्रांत तेल-पाणी मिसळलं की लोखंडाचा कीस तिथंच अडकतो आणि दगड नुसता घसरतो.

२७. तेल शिवणयंत्राचं घे, स्वयंपाकघरातलं नको — शेंगदाण्याचं तेल चिकट होऊन दगडाचं तोंड बंद करतं, आणि खोबरेल तर तुमच्या निफाडच्या थंडीत दगडावरच थिजेल.

२८. धार लावताना दगडाची पूर्ण लांबी-रुंदी वापर, मधूनमधून दगड फिरवून घे — मधेच घासत बसलीस तर आपण भरलेलं पोट पुन्हा खपाटीला जाईल.

२९. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीआधी बागेतल्या सगळ्या कात्र्या या दगडावर काढ, पण पात्याची उतरती बाजूच निस. सपाट बाजूवर फक्त शेवटी एकदा, आडवं ठेवून, बर काढण्यापुरता हात फिरव — सपाट बाजू गोल झाली की दोन पाती मिळत नाहीत आणि काडी कापली न जाता चेंगरते. बर म्हणजे पात्यामागं उलटलेली बारीक कड. बोट धारेवरून आडवं नेऊन बघ, धारेच्या दिशेनं कधीच नको. घाईची धार, बोटावर वार.

३०. काम झालं की दगड पुसून डबीत ठेव, झाकण लाव — उघड्या तेलकट दगडावर बसलेली धूळ पुढच्या वेळी थेट पात्याखाली येते.

३१. डबीवर आधीच्या मालकाची अक्षरं कोरलेली असतील तर ती पॉलिश पेपरनं घासू नकोस — माझ्या डबीच्या तळाला पटाशीनं कोरलेली दोन अक्षरं आहेत. कुणाची ते मला ठाऊक नाही. शेजारी मी माझी कोरली, आणि त्याच्या पुढं अजून एकाची जागा आहे.

जाड काच विकत घेऊ नकोस, माझ्याकडे पडून आहे. पावडरही आहे. येत्या बुधवारी सात वाजता गाडगे महाराज पुलापाशी ये, मी पिशवी घेऊन उभा असेन. रिकाम्या पोटी येऊ नकोस, वाकून वाकून चक्कर येते.

तुझा मामा