परसातील मिरची आणि चिठ्ठीवरील 'तिखट वर्ज्य'

इंदूरच्या मराठी घरांत पोह्यांवर शेव असते, भाकरीबरोबर ठेचा असतो आणि पोटात जळजळ झाली की सारा दोष मिरचीच्या माथी जातो. आपण व्यवसायबंधूही चिठ्ठीच्या तळाशी 'तिखट वर्ज्य' असे सवयीने लिहितो. या सवयीचा थोडा विचार व्हावा, एवढाच या लेखाचा हेतू.

मिरची मूळची आपली नव्हे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ती अमेरिका खंडातून गोव्यात आणली. त्यापूर्वी आपल्याकडे तिखटासाठी मिरे आणि पिंपळी वापरीत. आज विंध्याचा घाट उतरून निमाडात गेले, की हंगामात बेडियाच्या बाजारात लाल मिरचीचे ढीग दिसतात.

तिखटपणा कॅप्सेसिन या द्रव्याचा. ते बियांत नसून, बिया ज्या पांढऱ्या गाभ्याला चिकटलेल्या असतात त्यात तयार होते. उष्णतेची जाणीव देणाऱ्या चेतातंतूंवरील ज्या ग्राहीवर ते काम करते, तो डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने 1997 साली शोधला. त्यांना 2021 चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. हा ग्राही सुमारे 43 अंश सेल्सियसला जागा होतो. म्हणजे मिरची जिभेला भाजत नाही, भाजल्याची वर्दी तेवढी देते.

जठरव्रणाचे खापरही तिच्यावर फुटत आले. मार्शल आणि वॉरन यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू दाखवून दिला, त्यांना 2005 साली नोबेल मिळाले, तरी घरोघरी समजूत तीच. व्रणाची प्रमुख कारणे हा जंतू आणि वेदनाशामक गोळ्या ही होत. आम्लपित्त घशाशी येणारे, गुदद्वाराला चीर पडलेले किंवा आतडे हळवे असलेले रुग्ण यांना तिखटाने त्रास वाढतो; त्यांना ते जरूर कमी करावयास सांगावे. परंतु भूक मंदावलेल्या वृद्धाचे ताट सरसकट अळणी-फिके केले, तर तो जेवणच कमी करतो, आणि ते नुकसान मोठे.

याहून गंभीर बाब निराळीच आहे. पन्नाशी ओलांडलेल्या, विशेषतः मधुमेही व्यक्तीला छातीच्या खालच्या भागात जळजळ, घाम, मळमळ झाली, की 'रात्री ठेचा खाल्ला ना!' म्हणून घरचे जेलुसिल देतात. हृदयविकाराचा झटका असाही येतो. अशा वेळी मिरचीवर चर्चा न करता आधी ईसीजी काढावा. काळा, डांबरासारखा शौच हेही तिखटाचे लक्षण नव्हे.

आता लागवडीविषयी. मृग लागला की बी टाकावे, पाच-सहा आठवड्यांनी रोप बारा इंची कुंडीत लावावे. आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि मुळे कुजतात. तिच्यात वाळू व चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. पाने आक्रसू लागली तर तो चुरडा-मुरडा. पांढरी माशी त्याचा विषाणू पसरविते, फुलकिड्यांनीही पाने तशीच वळतात. निंबोळी अर्क वेळीच फवारावा, रोगट रोप मोह न धरता उपटून टाकावे. एप्रिल-मेच्या उन्हात फुले गळतात. तेव्हा दुपारची सावली द्यावी.

'क' जीवनसत्त्वासाठी मिरची खावी असे सांगणारे भेटतात. शंभर ग्रॅम हिरव्या मिरचीत ते शंभर मिलिग्रॅमच्या आसपास असते खरे, पण शंभर ग्रॅम खाणार कोण? घरच्या मिरचीचा खरा लाभ निर्भेळपणाचा. 2003 साली युरोपात भारतीय तिखटात सुदान हा निषिद्ध रंग सापडला होता. लाल झालेल्या मिरच्या स्वच्छ कापडावर कडकडीत वाळवाव्यात. ओलसर राहिल्या तर बुरशी येते आणि अफ्लाटॉक्सिनचे भय असते.

रक्तदाबाच्या रुग्णाने मिरचीपेक्षा ठेच्यातील व लोणच्यातील मिठाची धास्ती घ्यावी. ठेच्यात लिंबू पिळून मीठ निम्मे केले तरी चव राहते. वाटताना हात भगभगले तर नुसते पाणी निरुपयोगी, कारण कॅप्सेसिन तेलात विरघळते. आधी गोडेतेल चोळून मग साबण लावावा, आणि तोवर डोळ्यांना हात लावू नये. तोंड भाजले तर पाण्यापेक्षा दूध किंवा दही बरे.