डोळा लाल, पण जंतू नाहीत!

डोळा लाल झाला की आपण लगेच म्हणतो, ‘डोळे आले.’ परंतु प्रत्येक लाल डोळ्यामागे जंतू असतातच असे नाही. डोळ्याच्या पांढऱ्या भागाचा दाह कधी कधी जंतूंशिवायही होतो. मग जंतुनाशक थेंब काय करणार?

या पांढऱ्या भागाला श्वेतपटल म्हणतात. कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंचे हे चिवट कवच होय. बुबुळावरील पारदर्शक पटलातही हेच तंतू असतात. मात्र तेथे ते सारख्या जाडीचे व शिस्तीने मांडलेले असल्याने प्रकाश आरपार जातो. श्वेतपटलात ते कमीअधिक जाडीचे व एकमेकांत गुंतलेले असतात. त्यामुळे सर्व रंगांचा प्रकाश विखुरतो आणि तो भाग पांढरा दिसतो.

दाह किती खोल आहे, यावर उपचार ठरतो. १९७६ साली पीटर वॉटसन व सोहन सिंग हायरे यांनी केलेली या विकारांची वर्गवारी आजही वापरली जाते. दाह श्वेतपटलावरील पातळ थरात असेल, तर डोळा लाल होतो, पण फारसा दुखत नाही. थंड पाण्याच्या घड्या व कृत्रिम अश्रूंचे थेंब यांनी आराम पडतो. बहुधा काही दिवसांत तो आपोआप ओसरतो.

खुद्द श्वेतपटलाचा दाह मात्र गंभीर असतो. डोळा ठणकतो, रात्री झोपमोड होते, लाली जांभळट दिसते. दोन्हींतला फरक ओळखण्यासाठी डॉक्टर फेनिलेफ्रीनचे थेंब घालतात. त्याने वरच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावून लाली फिकी पडते. खोल वाहिन्यांची लाली तशीच राहते. दाह लांबला तर श्वेतपटल पातळ होते. मग आतील गडद थर त्यातून दिसू लागतो व तो भाग निळसर भासतो.

नुसते थेंब येथे सहसा पुरत नाहीत. पोटातून दाहशामक गोळ्या, त्यांनी न भागल्यास प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइडे, तर काहींना मेथोट्रेक्सेट द्यावे लागते. कारण शरीराची संरक्षणयंत्रणाच येथे स्वतःच्या ऊतींवर उलटलेली असते. पुष्कळ रुग्णांत मूळ विकार संधिवाताचा निघतो. म्हणून डॉक्टर डोळ्याबरोबर सांध्यांचीही चौकशी करतात व रक्त तपासतात.

‘मग स्टेरॉइडचे थेंब घरीच घातले तर?’ असे कोणी विचारील. त्यांनी लाली झटकन उतरते, हाच धोका आहे. डोळ्यातील दाब साधारणपणे पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटर इतका असतो. या थेंबांनी काहींचा दाब नकळत वाढतो आणि दृष्टिचेतेला इजा होते, हाच काचबिंदू. मोतीबिंदूही होऊ शकतो. शिवाय मुळात जंतुसंसर्ग असला तर तो बळावतो.

तेव्हा लाल डोळा ठणकत असेल, अंधुक दिसत असेल किंवा उजेड सहन होत नसेल, तर दुसऱ्याची उरलेली बाटली उघडू नका. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा.