स्टिअरिंगचा खडखडाट : आधी तपासा, मग खर्च करा

माल वाहणाऱ्या गाडीचे स्टिअरिंग सैल झाले, खड्ड्यात खडखड वाजू लागले की ‘रॅक गेली, नवी टाका’ असा सल्ला मिळतो. रॅक महाग असते. पुष्कळदा दोष टाय रॉड एंडसारख्या स्वस्त भागात असतो. म्हणून व्यापारी बंधूंनी मिस्त्रीजवळ उभे राहून तपासणी करून घ्यावी.

पुढचे चाक जॅकने उचलून खाली स्टँड लावावा. एकाने स्टिअरिंग घट्ट धरावे, दुसऱ्याने चाक डाव्या-उजव्या कडांना धरून हलवावे. बाहेरच्या टाय रॉड एंडवर बोट ठेवून ठोका जाणवला तर तोच झिजला आहे. रबरी बूट दाबून ठोका लागला तर आतला सांधा खराब. रॅकचा दांडाच वर-खाली हलत असेल तर मात्र दोष रॅकचा. चाक वर-खाली धरून हलले तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट पाहावा.

आवाजही खूण सांगतो. वळवताना घुंघुं आवाज आला तर तेल कमी आहे किंवा तेलात हवा शिरली आहे. किंचाळल्यासारखा आवाज आला तर पट्टा ढिला समजावा. बुटात तेल साचले असेल तर रॅकचे सील गेले. तेथे कंजुषी नको. इलेक्ट्रिक स्टिअरिंगला मात्र तेल नसते.

टाय रॉड एंड बदलल्यावर व्हील अलाइनमेंट करावे, नाहीतर नवे टायर खाऊन जातील. आणि दुरुस्ती लांबवू नये. धावत्या गाडीचा सांधा निखळला तर माल आणि जीव दोन्ही जातात.