घरभाड्याचा करार : घरमालक व भाडेकरू या दोघांचेही संरक्षण

पारनेर तालुक्यातील सुपे येथे औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि अहिल्यानगर-पुणे मार्गालगतच्या गावांतून भाड्याच्या खोल्यांना मागणी आली. कारखान्यांतील कामगार, बदलून आलेले शिक्षक, ग्रामपंचायत अधिकारी व विद्यार्थी अशा खोल्यांतून राहतात. यांतील कित्येक व्यवहार केवळ शब्दावर होतात. शब्द पाळला जातो तोवर अडचण नसते. मात्र वाद उद्भवला की दोन्ही पक्ष रिकाम्या हाताने उभे राहतात.

अकरा महिन्यांचा गैरसमज

नोंदणी अधिनियम, १९०८ अन्वये एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. त्यावरून, अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी नको, असा समज रूढ झाला. परंतु ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ अन्वये भाड्याचा अथवा लिव्ह अँड लायसन्सचा करार, मुदत कितीही असो, लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक आहे. ही जबाबदारी घरमालकाची होय. कसूर झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षेची तरतूद आहे.

समजा, एका वृद्ध विधवेने आपली एक खोली तोंडी बोलीवर दिली. भाडे तीन हजार ठरले, असे ती म्हणते. भाडेकरू दोन हजार सांगतो. करार नोंदलेला नसल्यास, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ज्या भाड्यावर तिचा चरितार्थ चालतो, तेच सिद्ध करण्याचा भार तिच्यावर पडतो. उलटपक्षी, पावती नसलेल्या कामगाराला दिलेली अनामत रक्कम परत मागणे कठीण होते. भाडे घेताच लेखी पावती देणे हे घरमालकाचे कर्तव्य आहे.

भाडेकरू आणि परवानाधारक

भाडेकरूला जागेत हक्क प्राप्त होतो. लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यास केवळ वापराची परवानगी असते. घरमालक राहतो त्याच घराच्या एका भागात परवानगीने राहणारा 'पेइंग गेस्ट' मात्र अधिनियमातील परवानाधारकाच्या व्याख्येत मोडत नाही. निवासासाठी दिलेल्या परवान्याची मुदत संपल्यावर जागा न सोडल्यास सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि परवानाशुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते.

जागा खाली करून घेताना

भाडे थकले म्हणून खोलीला कुलूप लावणे, वीज अथवा पाणी तोडणे कायद्यास संमत नाही. थकबाकीसाठी लेखी मागणीची नोटीस देऊन ९० दिवस थांबावे लागते. त्यानंतरच दावा लावता येतो. समन्स बजावल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने थकबाकी, १५ टक्के सरळ व्याज व दाव्याचा खर्च भरल्यास त्या कारणाने जागा खाली करण्याचा हुकूम होत नाही. लेखी संमतीशिवाय पक्के बांधकाम, बेकायदा पोटभाडेकरू ठेवणे, सबळ कारणाविना सहा महिने जागा न वापरणे, घरमालकाची खरीखुरी गरज ही अन्य कारणे होत.

पंचायतीने काय करावे?

हा अधिनियम त्याच्या अनुसूचींत नमूद केलेल्या व शासनाने अधिसूचित केलेल्या क्षेत्रांस लागू होतो. आपले गाव त्यांत येते किंवा नाही, याची खात्री प्रथम करून घ्यावी. अन्यत्र मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ लागू असून, वेगळा करार नसल्यास मासिक भाडेदारी संपविण्यास १५ दिवसांची नोटीस लागते. तेथेही लेखी, नोंदणीकृत करार करणे हिताचेच ठरते.

कोणाला घराबाहेर काढण्याचा अधिकार सरपंचास किंवा ग्रामसभेस नाही. तो निर्णय न्यायालयाचा. मात्र सामोपचाराने तोडगा काढण्यास तंटामुक्त गाव समितीचे साहाय्य घेता येते. झालेली तडजोड लेखी असावी.

करारात भाडे, अनामत रक्कम, मुदत, वीज-पाण्याचा खर्च आणि दुरुस्तीची जबाबदारी स्पष्ट लिहावी. दुय्यम निबंधक कार्यालयातील एका फेरीने पुढील अनेक वर्षांच्या न्यायालयीन खेपा वाचू शकतात. कागद करणे म्हणजे अविश्वास दाखविणे नव्हे; दिलेला शब्द दोघांच्याही स्मरणात राहावा, एवढाच त्याचा हेतू होय.