जुन्या गवतकापणी यंत्राची चाल : दोषपरीक्षा व दुरुस्ती

फळबागेंतील ओळींमधलें गवत नांगरून न काढतां कापून तेथेंच पसरण्याची रीत अलीकडे पुष्कळ बागायतदारांनीं स्वीकारली आहे. आणि त्यासाठीं बंगल्यांच्या हिरवळीवर कांहीं वर्षें राबलेलीं पेट्रोलचीं गवतकापणी यंत्रें जुन्या बाजारांतून विकत घेतलीं जातात. अशा यंत्राचें इंजिन बहुधा ठीक असतें, पातेंही धार लावून चालतें. बिघडलेली असते ती त्याची चाल. दांडी ओढली असतां ज्यानें आपण होऊन पुढें चालावें तें यंत्र जागचें हलत नाहीं, आणि तीस-पस्तीस किलो वजनाचें तें धूड गड्यास दिवसभर ढकलावें लागतें. विकणारा याच दोषापायीं किंमत उतरवितो. हा दोष किती रुपयांचा आहे हें ओळखावयास मात्र घेणाऱ्यानें शिकलें पाहिजे; कारण तो कधीं एका तारेचा असतो, तर कधीं सबंध गिअरपेटीचा. माझ्या माहितीच्या एका बागायतदारास तालुक्याच्या एका दुकानांत गिअरपेटीच नवी घालावी लागेल असें सांगण्यांत आलें व त्यानें ती घातली. जुनी पेटी मीं मागून घेऊन उघडली, तर आंतला एकही दांता झिजलेला नव्हता. झिजली होती ती चाकाजवळची, बोटाच्या पेराएवढी एक किल्ली. नव्या पेटीबरोबर किल्लीही नवी आली म्हणून यंत्र चालूं लागलें. गुण किल्लीचा आणि बिल पेटीचें, असा तो व्यवहार झाला.

गवत कापण्याचें यंत्र प्रथम एडविन बडिंग या इंग्रज कारागिरानें ग्लॉस्टरशायर परगण्यांतील स्ट्राउड येथें काढलें व १८३० सालीं त्याचें पेटंट घेतलें. त्या यंत्रांत माणूस ढकली, त्यामुळें मागचा रूळ फिरे, आणि रूळ दंतचक्रांच्या योगानें पात्यांस फिरवी. आजच्या यंत्रांत हा क्रम उलटा झाला आहे. इंजिन पात्यासही फिरवितें आणि चाकांसही. पात्याकडची वाट सरळ व आंखूड आहे. चाकांकडची वाट लांब व वळणावळणाची आहे, आणि बिघाड होतो तो त्या वाटेवर.

ती वाट अशी. इंजिनाचा उभा दांडा खालीं उतरतो. त्याच्या टोकास पातें आणि पात्याच्या वर एक कप्पी असते. या कप्पीवरून एक निमुळत्या कडांचा पट्टा मागील गिअरपेटीच्या कप्पीवर जातो. पेटींत एक मळसूत्री दांडा असून तो एका दंतचक्रास फिरवितो. त्या चक्रांतून आडवा आंस दोन्ही बाजूंस बाहेर निघतो. आंसाच्या प्रत्येक टोकास एक लहान दंतचक्र असतें व तें चाकाच्या आंतल्या अंगास असलेल्या दांत्यांत बसतें. पुष्कळ यंत्रांत जोडणी-तोडणीचा क्लच पेटीच्या आंत असतो आणि हातांतल्या दांडीपासून येणारी केबल पेटीवरील एक लहान भुजा ओढून तो लावते. कांहीं यंत्रांत क्लच नसून केबल सबंध पेटीच किंचित् कलवून पट्टा ताणते. आपलें यंत्र कोणत्या जातीचें आहे हें आधीं पाहून ठेवावें.

आतां थोडा हिशेब करूं. इंजिन मिनिटास सुमारें ३,००० फेरे घेतें. माणूस ताशी ४ किलोमीटर चालतो असें धरिलें तर मिनिटास ६७ मीटर होतात. चाकाचा व्यास २० सेंटिमीटर असल्यास घेर सुमारें ६३ सेंटिमीटर. म्हणजे चाकानें मिनिटास १०६ फेरे घेतले पाहिजेत. इंजिनाचे अठ्ठावीस फेरे तेव्हां चाकाचा एक, असें प्रमाण पडतें. फेरे जसजसे कमी होतात तसतसा पिळाचा जोर वाढतो, म्हणून वाटेच्या शेवटीं असलेल्या चाकांजवळच्या दांत्यांवर व किल्ल्यांवर भार अधिक पडतो. शिवाय पेटी बंद व वंगणांत असते, आणि हे दांते मात्र मातींत व गवताच्या भुश्यांत फिरतात. प्रथम झिजणारा भाग कोणता असावा हें यावरूनच कळून येईल.

यंत्रास हात लावण्यापूर्वीं प्लगची तार काढून बाजूस बांधून ठेवावी. नुसतें इंजिन बंद असणें पुरेसें नाहीं. पातें हातानें फिरविलें कीं इंजिनही फिरतें, आणि आंत पेट्रोलचा अंश व प्लगला तार असेल तर एखादा स्फोट होऊन पातें झटका देतें. अशा झटक्यानें एका गड्याच्या दोन बोटांचीं पेरें गेलेलीं मीं पाहिलीं आहेत. तेव्हां या एका गोष्टींत कोणीं घाई करूं नये. टाकींतील पेट्रोल काढून घ्यावें. यंत्र आडवें करतांना हवेची गाळणी ज्या बाजूस असेल ती बाजू वर राहील असें करावें, नाहीं तर इंजिनाचें तेल गाळणींत शिरतें. आडव्या केलेल्या यंत्राचें इंजिन चाल पाहण्यासाठीं म्हणून सुरू करण्याची कांहीं जणांस खोड असते. ती सर्वस्वी वर्ज्य समजावी.

महसुली कामांत जागा पाहिल्याखेरीज पंचनामा होत नाहीं. येथेंही कांहीं खोलण्यापूर्वीं पुढील परीक्षा करावी. ती क्लच पेटींत असलेल्या यंत्रास लागू आहे. इंजिन बंद व प्लगची तार काढलेली असतां यंत्र सपाट जमिनीवर ठेवावें आणि चालीची दांडी ओढून धरून यंत्र मागें ओढावें. मळसूत्री दांडा चक्रास फिरवूं शकतो, पण या पेट्यांतील चक्र उलट त्या दांड्यास फिरवूं शकत नाहीं; म्हणून सर्व ठीक असल्यास मागचीं चाकें जखडून जमिनीवर घासत येतात. दोन्ही चाकें जखडलीं आणि तरीही इंजिनावर यंत्र चालत नसेल, तर दोष पेटीच्या अलीकडे, म्हणजे पट्ट्यांत आहे. एकच चाक मोकळें फिरलें तर त्या बाजूचें लहान दंतचक्र, त्याची किल्ली किंवा चाकाचे दांते गेले आहेत. दोन्ही मोकळीं फिरलीं तर खालीं वांकून आंसाकडे पाहावें : आंसही चाकांबरोबर फिरत असेल तर दोष केबलींत किंवा क्लचांत, आंस स्थिर असेल तर दोन्ही किल्ल्या गेल्या आहेत. एवढ्या दोन मिनिटांच्या कामानें अर्धा खर्च वांचतो. पेटी कलणाऱ्या यंत्रांत ही परीक्षा लागू पडत नाहीं. तेथें आधीं केबल व पट्टाच पाहावा.

केबलीचें काम थोडें आहे. दांडी ओढतांना पेटीवरील भुजा पूर्ण फिरते कीं नाहीं तें दुसऱ्या माणसास पाहावयास सांगावें. कमी फिरत असेल तर केबलीवरील ताणाचा नट फिरवून ढिलाई काढावी. आंतील तार गंजली किंवा तिचे धागे तुटले असतील तर केबल बदलावी. ताण फाजील मात्र देऊं नये. दांडी सोडल्यावर यंत्र मागेंपुढें मोकळें ढकलतां आलें पाहिजे; तसें न झाल्यास क्लच अर्धवट लागून राहतो व जळतो.

पट्टा पाहण्यासाठीं त्यावरील झांकण काढावें, आणि बहुतेक यंत्रांत पातेंही उतरावें लागतें. पात्यास धरण्यासाठीं हात न वापरतां लांकडाचा ठोकळा अडकवावा, जाड हातमोजे घालावे व मधला बोल्ट लांब पान्यानें सोडवावा. पात्याची कोणती बाजू वर होती तें खडूनें लिहून ठेवावें. पंख्यासारख्या वळलेल्या कडा यंत्राच्या पोटाकडे असतात. पट्टा आपल्या दोन तिरप्या अंगांनीं कप्पीस धरतो, तळानें नव्हे. झिजून तो खांचेच्या तळास टेकला कीं ताण कितीही दिला तरी घसरतो. अंगें कांचेसारखीं चकाकत असतील, पाठीवर चिरा असतील किंवा पट्टा तेलानें भिजला असेल तर तो टाकून द्यावा. तेल मात्र कोठून आलें तें आधीं शोधावें, कारण इंजिनाच्या खालच्या सीलमधून गळत असल्यास नवा पट्टाही तसाच भिजेल. दुकानीं जातांना जुना पट्टा व त्यावरील क्रमांक बरोबर न्यावा. ‘साधारण एवढाच’ म्हणून दिलेला पट्टा घेऊं नये. रुंदींत थोडा फरक पडला तरी तो खांचेंत नीट बसत नाहीं.

आतां चाकें. यंत्राचा मागचा भाग ठोकळ्यावर उचलून चाकाचा बोल्ट काढावा. आंत गवताचा घट्ट लगदा बसलेला आढळेल. तो काडीनें व रॉकेलांत बुडविलेल्या कुंचल्यानें साफ करावा. पुष्कळदां या लगद्यानेंच किल्ली अडकून बसलेली असते आणि सफाईनेंच काम होतें. लहान दंतचक्र एका सर्क्लिपनें आंसावर धरलेलें असतें. ती काढतांना उडून गवतांत जाते, म्हणून वर फडकें धरावें. मागील वायसर ज्या क्रमानें निघतील त्याच क्रमानें दोऱ्यांत ओंवून ठेवावे. दंतचक्र काढलें कीं आंसाच्या खांचेंत आडवी सरकणारी किल्ली दिसेल. तिचें काम मोठें चातुर्याचें आहे. आंस पुढें फिरला कीं ती दंतचक्राच्या आंतील खांचेंत अडकून चाकास ओढते. चाक आंसापेक्षां जलद फिरूं लागलें कीं ती आंत सरकून वाट देते. वळणावर बाहेरचें चाक जलद फिरतें तें यामुळेंच. तिचीं टोकें घासून गोल झालीं कीं ती अडकत नाहीं व चढावर ‘कट् कट्’ असा आवाज येतो. असा आवाज पेटींतून येतो असें समजून पेटी फोडणारे पुष्कळ आहेत.

किल्ली नवी घालावी. कानस मारून टोकें काढण्याचा उद्योग फार दिवस टिकत नाहीं, कारण तिची लांबीच कमी होते. डाव्या व उजव्या बाजूचीं दंतचक्रें दिसावयास सारखीं, पण आंतील खांचा उलट्या असतात. म्हणून एका वेळीं एकच चाक खोलावें, अथवा उजव्यास तांबडा दोरा बांधावा. बसविल्यावर दंतचक्र बोटांनीं फिरवून पाहावें. एका दिशेस तें टकटक करीत निसटलें पाहिजे व दुसऱ्या दिशेस आंसास धरलें पाहिजे. दोन्ही बाजूंस हें धरणें एकाच दिशेचें असावें. किल्लीच्या खांचेंत ग्रीस कोंबूं नये. त्यांत धूळ मिसळून किल्ली चिकटते. चाकाचे दांते टोंकदार झाले असतील तर चाक व दंतचक्र हीं दोन्ही एकदम बदलावीं, कारण झिजलेला जोडीदार नव्यासही झिजवितो.

इतकें सर्व पाहूनही दोष न सांपडल्यास मगच पेटीकडे वळावें. कांहीं पेट्या रिवेटांनीं बंद केलेल्या असतात. त्या उघडण्याच्या नादीं लागूं नये. स्क्रू असलेली पेटी स्वच्छ कागदावर उघडावी. जुन्या वंगणांत पितळी वा लोखंडी कीस चमकत असेल, चक्राचे दांते सुरीसारखे पातळ झाले असतील, अथवा दांडा बेअरिंगांत डुगडुगत असेल, तर सुट्या भागांच्या किंमती कागदावर मांडाव्या. चक्र एकटें गेलें असेल तर दुरुस्ती परवडते. चक्र व मळसूत्री दांडा दोन्ही गेले असतील तर सबंध पेटीच घ्यावी. वंगण यंत्राच्या पुस्तिकेंत सांगितलेल्या जातीचें व तितकेंच भरावें. पेटी कांठोकांठ भरल्यास तापल्यावर तें सीलमधून बाहेर येऊन पट्ट्यावर पडतें.

जोडणी झाल्यावर पात्याचा बोल्ट पुस्तिकेंतील मापानें घट्ट आवळला आहे याची खात्री करून घ्यावी, मागें ओढण्याची परीक्षा पुन्हां करावी आणि मगच प्लगची तार लावावी. पहिली फेरी सपाट जागीं, उंच पात्यानें घ्यावी. हें यंत्र हिरवळीसाठीं केलेलें आहे, बागेसाठीं नव्हे. गुडघाभर वाढलेलें गवत आधीं विळ्यानें उतरवावें, आणि काळ्या जमिनींत पाऊस पडून गेल्यावर वापसा येईपर्यंत तें बाहेर काढूं नये, कारण चिखलानें भरलेलें चाक ओढतांना साऱ्या वाटेवर ताण येतो. आठवड्यांतून एकदां चाकांच्या आंतील भुसा झटकावा, आणि काढलेला जुना पट्टा, खराब असला तरी, क्रमांक दिसेल असा खुंटीस टांगून ठेवावा.