गीझर वाजतो म्हणजे नक्की काय?

थंडी सुरू झाली की होस्टेलच्या कंप्लेंट रजिस्टरमध्ये एक वाक्य हमखास दिसतं : "गीझर आवाज करतो." पुढे रूम नंबर, सही, संपलं. इलेक्ट्रिशियनकाका येतात दुपारी दोनला. तेव्हा गीझर गार आणि गप्प. काका टेस्टर लावतात, 'ओके' लिहितात आणि जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आवाज पुन्हा हजर! डॉक्टरकडे जाऊन नुसतं "दुखतंय" म्हटलं तर तो काय करणार? माझ्या मते गीझरच्या बाबतीत आवाज 'कसा' येतो यापेक्षा 'कधी' येतो हे आधी बघावं. पाणी तापत असताना, नळ सोडताना किंवा बंद करताना, की काहीच चालू नसताना? एवढं जरी रजिस्टरमध्ये लिहिलं तरी काकांचं अर्धं काम होतं.

बहुतेक तक्रारी तापतानाच्या आवाजाच्या असतात, म्हणून तोच आधी घेऊ. २५ लिटरच्या, २ किलोवॉटच्या गीझरला २० अंशांचं पाणी ६० अंशांवर न्यायला साधारण ३५ मिनिटं लागतात. (करून बघा, अकरावीचं गणित आहे.) या वेळात नवाकोरा गीझरसुद्धा थोडा सूं-सूं करतो. घरी चहाचं आधण ठेवलं की पातेलं आधी गुणगुणतं आणि उकळी फुटायच्या जरा आधी गप्प होतं, ते आठवा. तळाशी वाफेचे बारीक बुडबुडे तयार होतात, वरच्या गार पाण्यात शिरतात आणि तिथेच मिटतात. त्या मिटण्याचा तो आवाज. सगळं पाणी तापलं की बुडबुडे न मिटता वरपर्यंत येतात आणि मग ती गुणगुण थांबते.

जुन्या गीझरमध्ये याचीच गडगड होते, कधी फुटाणे भाजल्यासारखी तडतड. कारण क्षार. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेलं असतं. पाणी तापलं की त्याचं कार्बोनेट होतं. आता साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, पण या कार्बोनेटचं उलटं आहे, ते गरम पाण्यात आणखी कमी विरघळतं. म्हणून ते सगळ्यात गरम जागी, म्हणजे एलिमेंटवर जाऊन बसतं. आम्ही शाळेत याला हार्ड वॉटर म्हणायचो. माझा मराठी माध्यमातला रूममेट 'दुष्फेन' म्हणतो, आणि हा शब्द मला फारच आवडला. ज्याला नीट फेस येत नाही ते दुष्फेन, म्हणजे साबणाची टेस्ट नावातच! पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५०० हे लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंतची हार्डनेस योग्य मानतं आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतं. जिथे बोअर आणि टँकरवर भागवावं लागतं तिथे बादलीवरचा पांढरा थर बघून काय ते समजावं.

तर हा थर सच्छिद्र असतो. त्याच्या आत शिरलेलं पाणी बाहेर पडायच्या आत तापून त्याची वाफ होते, ती थर फोडून बाहेर येते आणि गार पाण्यात मिटते. हीच ती तडतड. थोडा हिशोब केला. एलिमेंटची नळी ८ मिलिमीटर जाडीची आणि ८० सेंटिमीटर लांबीची धरली तर तिचं क्षेत्रफळ सुमारे २०० चौरस सेंटिमीटर. २००० वॉट त्यातून बाहेर पडायचे, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १० वॉट. क्षाराची उष्णतावाहकता मीटर-अंशाला अंदाजे १ वॉट धरली, तर फक्त १ मिलिमीटरच्या थराच्या दोन बाजूंत १०० अंशांचा फरक पडतो! पाणी ६० अंशांवर, तर एलिमेंटची कातडी १६० च्या वर. बिचारा जळणार नाही तर काय होईल?

इथे एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. "क्षार धरला की बिल वाढतं" असं सगळेच म्हणतात. गॅसवरच्या बॉयलरमध्ये ते खरं आहे, कारण पाण्यात न गेलेली उष्णता धुरांड्यातून निघून जाते. पण विजेच्या गीझरमध्ये एलिमेंट पाण्यातच बुडालेला असतो. उष्णता जाणार कुठे? उशिरा का होईना, पाण्यातच जाते. नुकसान होतं ते एलिमेंटचं. त्यामुळे गडगड ऐकून रात्रीची झोप घालवायची गरज नाही, पण गीझर उघडून एलिमेंट साफ करायची वेळ आली आहे हे नक्की. टाकी काचेचा थर दिलेल्या पोलादाची असेल तर त्याच वेळी मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉडही बघून घ्यावा. टाकीऐवजी तो स्वतः गंजत असतो. तो संपला की टाकीची पाळी. आणि कृपा करून कोणी त्यात टॉयलेट साफ करायचं अ‍ॅसिड ओतू नये.

आता नळाचे आवाज. नळ फटकन बंद केला की भिंतीत 'ठक्क' होतं, तो वॉटर हॅमर. यात गीझरचा काही संबंध नाही. वाहतं पाणी अचानक अडलं की दाबाची लाट उलटी फिरते. झुकोव्हस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९८ मध्ये याचं सूत्र मांडलं. सेकंदाला १ मीटर वेगाने वाहणारं पाणी लोखंडी पाइपात एकदम थांबवलं तर सुमारे १२ बार दाब उसळतो. होस्टेलच्या गच्चीवरच्या टाकीचा दाब जेमतेम एक बार, यावरून कल्पना करा. उपाय फुकट आहे : नळ हळू बंद करणे. गरम पाणी सोडल्यावर पाइप कटकट करतात ते वेगळं. ३ मीटरचा सीपीव्हीसी पाइप ४० अंशांनी तापला की जवळजवळ ८ मिलिमीटर लांब होतो आणि क्लॅम्पमध्ये घासतो. वाजू दे.

काहीच चालू नसतानाचे आवाज साधे वाटतात, पण मी सगळ्यात जास्त लक्ष त्यांच्याकडे देईन. अधूनमधून येणारी एकच 'टिक' थर्मोस्टॅटची, ती तब्येत उत्तम असल्याची खूण. व्हॉल्व्हमधून टपटप? २५ लिटर पाणी २० वरून ७० अंशांवर गेलं की अर्धा लिटर वाढतं, आणि मागे जायची वाट बंद असेल तर ते तिथूनच बाहेर पडणार. कोणी तरी वैतागून त्या व्हॉल्व्हला बूच मारतं, तिथे खरा धोका सुरू होतो. स्विचबोर्डमधून बारीक चरचर येत असेल तर लगेच मेन बंद. २ किलोवॉट म्हणजे पावणेनऊ अँपियर करंट. प्लगच्या पिनेला अर्ध्या ओहमचा सैलपणा असला तरी तिथे ३८ वॉट उष्णता निर्माण होते, सोल्डरिंग आयर्न लावल्यासारखी. गडगडीपेक्षा हा आवाज कितीतरी लहान, पण आग याच्यानेच लागते.

आणि एक आवाज 'न येण्याचा'. तासभर झाला, गीझर खदखदतोय, थर्मोस्टॅटची टिक नाही, दिवा विझत नाही. थर्मोस्टॅट चिकटला, कटआउट निकामी आणि व्हॉल्व्ह बुजलेला, असे तीन योग जुळले तर? गावाकडचा तांब्याचा बंब अशा वेळी नुसती वाफ सोडायचा, कारण तो वरून उघडा. गीझर बंद भांडं आहे. ८ बार दाबाला पाणी १७५ अंशांपर्यंत न उकळता तापू शकतं. टाकी फाटली तर २५ पैकी साडेतीन किलो पाण्याची क्षणात वाफ होते, सुमारे ६ घनमीटर. आपली बाथरूम केवढी आहे? अशा वेळी नळ उघडून बघायचा नाही. बाहेरून एमसीबी पाडायचा, दार लावायचं, सगळ्यांना लांब ठेवायचं आणि काकांना बोलवायचं.

थर्ड इयरला बाहेर फ्लॅट घेणाऱ्यांना बहुधा गॅस गीझर मिळतो. तिथे नळ सोडल्यावर टिक-टिक-टिक बराच वेळ आणि मग 'भप्प' असं झालं, तर ठिणगी उशिरा पडली आणि तोवर गॅस साठला. बरेचदा सेल उतरलेले असतात, ते आधी बदला. ज्योत पिवळी दिसली तर बर्नर साफ होईपर्यंत तो गीझर लावूच नका. पिवळी ज्योत म्हणजे अपुरं ज्वलन आणि कार्बन मोनॉक्साइड. गॅस गळला तर मुद्दाम मिसळलेल्या वासाने तरी कळतं, मोनॉक्साइडला ना वास ना आवाज. गीझर बाथरूमच्या बाहेर, हवेशीर जागी बसवून घ्या. तोवर बादली भरायची, गीझर बंद करायचा, खिडकी उघडी ठेवायची आणि मगच आंघोळीला बसायचं. डोकं जड झालं, मळमळलं तर साबण तसाच अंगावर ठेवून बाहेर या. फ्लॅट बघायला जाल तेव्हा भाडं विचारायच्या आधी गीझर कुठे लावलाय ते बघा.